व्याख्या पाठ आहेत, पण जावाच्या प्रोग्रॅममध्ये क्लास कोणते करावेत ते सुचत नाही

प्रश्न (दुसऱ्या सत्रातील विद्यार्थिनी)

नमस्कार. मी संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात शिकते. पहिल्या सत्रात आम्हाला सी भाषा होती आणि लूप, फंक्शन, अ‍ॅरे इथपर्यंत मला फारशी अडचण आली नाही. या सत्रात जावाच्या माध्यमातून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग सुरू झाले आहे. एन्कॅप्सुलेशन (आतल्या गोष्टी आत लपवणे), इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेणे), पॉलिमॉर्फिझम (एकाच मेथडचे ऑब्जेक्टनुसार वेगळे वागणे) आणि अ‍ॅबस्ट्रॅक्शन (अनावश्यक तपशील बाजूला ठेवणे) या चारही संकल्पनांच्या व्याख्या मला पाठ आहेत आणि विचारल्यास उदाहरणासह सांगताही येतात. परंतु ती उदाहरणे नेहमी प्राणी आणि कुत्रा, वाहन आणि मोटार अशी असतात, आणि प्रॅक्टिकलला कोरी फाइल समोर आली की त्यांतून पुढचे पाऊल सुचत नाही.

सध्या आम्हाला ग्रंथालयाच्या व्यवहाराचा प्रोग्रॅम लिहायचा आहे. सभासद नोंदवणे, पुस्तक देणे, परत घेणे आणि उशीर झाला असेल तर दंड काढणे एवढेच त्यात अपेक्षित आहे. मी 'सभासद' नावाचा क्लास, म्हणजे सभासदाच्या ऑब्जेक्टचा आराखडा, केला, लूपमध्ये प्रत्येक सभासदाचे नाव आणि क्रमांक वाचला आणि तो यादीत टाकला. यादीची लांबी बरोबर येते, पण छापून पाहिले की प्रत्येक ओळीत शेवटच्याच सभासदाचे नाव दिसते. कंपायलर काहीही चूक दाखवत नाही.

याशिवाय माझी मूळ शंका अशी की, कोणता क्लास करायचा आणि कोणता नाही हे ठरवतात कसे? माझा बाकीचा सगळा प्रोग्रॅम 'मेन'मध्येच आहे. मेथड वेगळ्या काढायला गेले तेव्हा स्टॅटिक नसलेल्या गोष्टी स्टॅटिक ठिकाणाहून वापरता येत नाहीत असा संदेश आला, म्हणून जिथे जिथे तो आला तिथे मी 'स्टॅटिक' लिहीत गेले आणि तो निघून गेला. हे योग्य आहे का? आणि असाइनमेंटमध्ये चारही संकल्पना वापरलेल्या दिसल्या पाहिजेत असे सांगितले आहे. इथे इनहेरिटन्स नेमके कुठे बसवायचे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (हा विषय शिकवणारे प्राध्यापक)

तुमच्या पहिल्या अडचणीची दोन कारणे संभवतात आणि गंमत अशी की दोन्हींचे बाह्य लक्षण एकच आहे. म्हणून आधी निदान करा, दुरुस्ती नंतर. यादीतला पहिला आणि दुसरा सभासद यांची दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना करा आणि उत्तर छापा. उत्तर 'ट्रू' आले, तर यादीत अनेक सभासद नाहीतच. एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारे अनेक रेफरन्स आहेत. उत्तर 'फॉल्स' आले, तर ऑब्जेक्ट वेगवेगळे आहेत, पण नाव ठेवण्याची जागा मात्र सगळ्यांत मिळून एकच आहे.

पहिल्या प्रकारात 'न्यू' हा शब्द लूपच्या बाहेर राहिलेला असतो. नवा ऑब्जेक्ट 'न्यू' या एकाच ठिकाणी जन्माला येतो. लूप सुरू होण्यापूर्वी तुम्ही एकदाच 'न्यू' लिहिले आणि आत फक्त नाव बदलत गेलात, तर लूप तीस वेळा फिरूनही ऑब्जेक्ट एकच राहतो, आणि यादीत टाकताना त्याची प्रत तयार होत नाही, केवळ त्याचा पत्ता सांगणारा रेफरन्स तीसदा नोंदवला जातो. शेवटच्या फेरीत त्या एकाच ऑब्जेक्टमध्ये जे नाव लिहिले गेले, तेच तीसही ओळींत छापले जाणार. सी भाषेत तुम्ही स्ट्रक्चर एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात ठेवले की आतल्या सगळ्या किमतींची प्रत होते. जावामध्ये ऑब्जेक्टच्या बाबतीत तसे होत नाही. सीकडून जावाकडे येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा गोंधळ या एका फरकापाशी सुरू होतो आणि पुढच्या अर्ध्या शंका त्याच्याच शाखा असतात, असे मी वर्गात सातत्याने पाहतो.

दुसऱ्या प्रकारात 'न्यू' योग्य जागी आहे, पण 'नाव' हे फील्ड स्टॅटिक केलेले आहे. तुम्ही संदेश घालवण्यासाठी जागोजागी 'स्टॅटिक' लिहिले असे म्हणता, त्यामुळे मला हीच शंका अधिक वाटते. स्टॅटिक फील्ड एखाद्या सभासदाचे नसते, ते 'सभासद' या क्लासचे असते, आणि क्लास एकच असल्यामुळे ती जागाही एकच असते. कंपायलरचा तो संदेश खरे तर तुम्हाला प्रश्न विचारत होता: "तुम्ही 'नाव' म्हणता आहात, पण कोणाचे नाव?" 'मेन' ही स्टॅटिक मेथड आहे, म्हणजे ती सुरू होते तेव्हा तिच्यामागे कोणताही ऑब्जेक्ट नसतो. त्या प्रश्नाचे उत्तर ऑब्जेक्ट तयार करून त्याच्यामार्फत मेथड बोलावणे हे आहे. 'स्टॅटिक' लिहिल्याने तो प्रश्नच पुसला जातो, आणि त्याबरोबर प्रत्येक सभासदाचे स्वतंत्र अस्तित्वही.

यावर माझा आग्रह एकाच सवयीचा आहे: कागदावर स्मृतीचे चित्र काढा. डाव्या बाजूला चालू मेथडमधली व्हेरिएबल लिहा, उजव्या बाजूला ऑब्जेक्टसाठी चौकटी काढा, आणि प्रत्येक रेफरन्ससाठी डावीकडून उजवीकडे बाण काढा. नियम तीनच पाळा. 'न्यू' दिसल्याशिवाय नवी चौकट काढायची नाही. ऑब्जेक्टची नेमणूक करणारे बरोबरचे चिन्ह दिसले की फक्त बाण हलवायचा, चौकटीतले काही उचलायचे नाही. आणि मेथडला ऑब्जेक्ट पाठवला की मेथडच्या आत त्याच चौकटीकडे जाणारा दुसरा बाण काढायचा. या तिसऱ्या नियमामुळे आणखी एक जुने कोडे सुटते: मेथडमध्ये दिलेल्या ऑब्जेक्टचे नाव बदलले तर बाहेर ते बदललेले दिसते, पण मेथडमध्ये त्या व्हेरिएबलला नवाच ऑब्जेक्ट दिला तर बाहेर काहीच बदलत नाही. चौकट दोघांची सामायिक आहे, बाण ज्याचा त्याचा आहे. हाताने चित्र काढणे जड वाटत असेल तर पायथॉन ट्यूटर नावाचे संकेतस्थळ जावाचे छोटे प्रोग्रॅमही ओळीओळीने चालवून हेच चित्र दाखवते. तरी आधी स्वतः काढा आणि मग त्याच्याशी ताडून पाहा, कारण ताडून पाहण्यातच शिकणे होते.

आणखी एक गोष्ट आताच तपासून घ्या. कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरचे नाव आणि फील्डचे नाव सारखेच असेल आणि तुम्ही 'नाव बरोबर नाव' एवढेच लिहिले असेल, तर पॅरामीटरची किंमत पॅरामीटरलाच दिली जाते. फील्ड 'नल', म्हणजे रिकामे, राहते आणि कंपायलर ते निमूटपणे स्वीकारतो. डावीकडे 'दिस' आणि टिंब लिहिले की ते फील्ड ठरते. त्याचप्रमाणे कन्स्ट्रक्टरच्या नावाआधी 'व्हॉइड' लिहिले गेले तर तो कन्स्ट्रक्टर राहत नाही, त्या नावाची साधी मेथड होते आणि 'न्यू' तिला कधीच बोलावत नाही.

उत्तर २ (सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणारा)

प्राध्यापकांनी पहिला भाग पूर्ण केलाच आहे, त्यामुळे मी क्लास कसे ठरवावेत याबद्दलच लिहितो.

तुम्हाला कदाचित असे शिकवले गेले असेल की प्रश्नाचा मजकूर वाचावा, त्यातल्या नामांखाली रेघ ओढावी, प्रत्येक नामाचा क्लास आणि प्रत्येक क्रियापदाची मेथड करावी. सुरुवातीला हात चालू व्हावा म्हणून ही युक्ती ठीक आहे, पण तिच्यावर विसंबू नका, कारण सर्वांत महत्त्वाचे क्लास पुष्कळदा मजकुरात नसतातच. तुमचेच उदाहरण घ्या. मजकुरात 'पुस्तक' आहे. समजा ग्रंथालयात एकाच ग्रंथाच्या चार प्रती आहेत. सभासद घरी नेतो ती प्रत. शीर्षक, लेखक आणि प्रकाशनवर्ष हे मात्र चारही प्रतींना समान. 'पुस्तक' हा एकच क्लास केला तर "हे पुस्तक दिलेले आहे का?" या प्रश्नाला उत्तरच उरत नाही, कारण दोन प्रती बाहेर आहेत आणि दोन कपाटात. म्हणजे 'ग्रंथ' आणि 'प्रत' असे दोन क्लास हवेत, आणि प्रत्येक प्रतीकडे तिच्या ग्रंथाचा रेफरन्स हवा. चारही प्रतींचे बाण एकाच ग्रंथाच्या चौकटीकडे जातील. वर ज्या सामायिक रेफरन्समुळे तुमची यादी बिघडली, तोच इथे जाणीवपूर्वक वापरला तर उपयोगाचा ठरतो.

आता दंडाकडे या. कोणती प्रत, कोणत्या सभासदाने, कधी नेली आणि कधीपर्यंत परत करायची, ही माहिती कोणाजवळ असावी? प्रतीजवळ ठेवली तर प्रत परत येताच जुनी नोंद पुसली जाते. सभासदाजवळ ठेवली तर प्रत कोणाकडे आहे हे शोधायला सगळे सभासद धुंडाळावे लागतात. ही माहिती खरे तर त्या दोघांमधल्या व्यवहाराची आहे, म्हणून 'उसनवारी' असा तिसरा क्लास करा. मजकुरात हे नाम कुठेच नव्हते. पण तो क्लास केला की विलंबाचे दिवस काढणारी मेथड कुठे लिहावी हा प्रश्न आपोआप सुटतो: ज्याच्याजवळ देय तारीख आहे, त्यानेच उशीर किती झाला ते सांगावे.

क्लास ठरवताना मी स्वतःला हाच प्रश्न विचारतो: ही गोष्ट सांगण्यासाठी लागणारी माहिती आधीपासून कोणाजवळ आहे? जबाबदाऱ्या वाटून देण्याची ही पद्धत नवी नाही. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ साली शिकवण्यासाठी साध्या कार्डांची एक रीत मांडली. एका कार्डावर एक क्लास, त्याची जबाबदारी, आणि ती पार पाडायला त्याला कोणाची मदत लागते, एवढेच लिहायचे. चार-पाच मित्र बसा, प्रत्येकाने एक कार्ड हातात घ्या आणि "सभासद क्रमांक सात यांनी प्रत परत केली" हा प्रसंग कार्डांवरून चालवून पाहा. कोणाच्या कार्डावर जागा पुरत नाही आणि कोणाला काहीच काम येत नाही ते दहा मिनिटांत उघड होते, आणि तेव्हा बदल करायला खोडरबर पुरते.

एन्कॅप्सुलेशनबद्दल मात्र मला थोडे कठोरपणे लिहावेसे वाटते, कारण महाविद्यालयातून आलेल्या नव्या सहकाऱ्यांमध्ये मी ही सवय फार पाहतो. सगळी फील्ड 'प्रायव्हेट' करायची आणि लगेच प्रत्येकासाठी एक गेटर (किंमत वाचणारी मेथड) आणि एक सेटर (किंमत बदलणारी मेथड) लिहायचा, म्हणजे एन्कॅप्सुलेशन झाले असे मानले जाते. तसे होत नाही. 'प्रत' या क्लासला 'उपलब्ध आहे' हे फील्ड आणि त्याचा सेटर दिला, तर प्रोग्रॅममधली कोणतीही ओळ कोणतीही प्रत उपलब्ध ठरवू शकते, मग ती खरोखर परत आलेली असो वा नसो. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच मांडले होते की प्रोग्रॅमचे भाग पाडताना, पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका भागाच्या आत लपवावा. लपवायचा असतो तो निर्णय. केवळ व्हेरिएबल लपवून भागत नाही. म्हणून सेटरऐवजी 'द्या' आणि 'परत घ्या' अशा मेथड लिहा, आणि आधीच बाहेर असलेली प्रत पुन्हा देण्याचा प्रयत्न झाला तर 'द्या' मेथडनेच तो नाकारावा. नियम एका जागी राहिला की तो मोडण्याची जागाही एकच राहते.

इनहेरिटन्सचे म्हणाल, तर या असाइनमेंटमध्ये ते बळेच बसवू नका. 'विद्यार्थी सभासद' आणि 'शिक्षक सभासद' असे 'सभासद'चे दोन उपक्लास करण्याचा मोह होईल. पण जावामध्ये ऑब्जेक्टचा क्लास जन्मतः ठरतो आणि नंतर बदलत नाही. आज विद्यार्थी असलेला सभासद उद्या शिक्षक झाला तर नवा ऑब्जेक्ट करून त्याच्या सगळ्या उसनवाऱ्या तिकडे वळवाव्या लागतील. खुद्द जावाबरोबर मिळणाऱ्या तयार क्लासच्या संग्रहातही (लायब्ररीतही) अशी एक बोच राहून गेली आहे: तिथला 'स्टॅक' हा क्लास 'व्हेक्टर'वरून वारसा घेतो, आणि त्यामुळे फक्त वरून टाकायचे आणि वरूनच काढायचे अशी शिस्त असलेल्या रचनेत मधल्या जागी घटक घुसवण्याच्या मेथडही उघड्या पडल्या आहेत. आता जावाची अधिकृत माहितीच नव्या प्रोग्रॅमसाठी त्याऐवजी 'डेक' (दोन्ही टोकांनी घटक टाकता-काढता येणारी रचना) वापरण्याचा सल्ला देते.

उत्तर ३ (पदव्युत्तर विद्यार्थी, प्रॅक्टिकलला साहाय्य करणारा)

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, परंतु "इनहेरिटन्स बळेच बसवू नका" या सल्ल्याला मी एक जोड देऊ इच्छितो. अनुभवी माणसाने ते टाळणे वेगळे आणि विद्यार्थ्याने ते कधी वापरूनच न पाहणे वेगळे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये पॉलिमॉर्फिझमला खरी जागा आहे, ती एकदा जरूर अनुभवा.

दंडाचा नियम सगळ्यांना सारखा नसतो, असे समजा. विद्यार्थ्यांना दर दिवसाला ठरावीक दंड, शिक्षकांना पहिले सात दिवस माफ, संशोधकांना ठरावीक कमाल मर्यादा. तुम्ही आज हे लिहाल ते 'जर विद्यार्थी असेल तर, नाहीतर जर शिक्षक असेल तर' अशा साखळीने. ही साखळी एकाच ठिकाणी असेल तोवर त्यात काही वाईट नाही. पण पुस्तके किती न्यायची, मुदत किती द्यायची, आरक्षण करता येते का, अशा प्रत्येक ठिकाणी तीच साखळी पुन्हा उगवते, आणि सभासदांचा चौथा प्रकार आला की प्रत्येक साखळी शोधून दुरुस्त करावी लागते. त्याऐवजी 'नियमावली' नावाचा इंटरफेस करा, त्यात 'दंड काढा' आणि 'मुदत सांगा' या मेथड जाहीर करा, आणि प्रत्येक प्रकारासाठी तो इंटरफेस पाळणारा वेगळा क्लास लिहा. सभासदाजवळ त्याच्या नियमावलीचा रेफरन्स राहील. दंड काढताना फक्त "तुझ्या नियमाप्रमाणे दंड सांग" एवढेच म्हणायचे. कोणती मेथड चालेल ते प्रोग्रॅम चालू असताना, रेफरन्सच्या टोकाला प्रत्यक्ष कोणता ऑब्जेक्ट आहे त्यावरून ठरते. विद्यार्थी शिक्षक झाला तर त्याची नियमावली तेवढी बदलायची, सभासद तोच राहतो. अशा रीतीने उत्तर २ मधली अडचणही उरत नाही.

हा विचार कुठून आला ते कळले की तो कमी कृत्रिम वाटतो, असा माझा अनुभव आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर या दोन नॉर्वेजियन शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष जगातल्या व्यवस्थांचे अनुकरण संगणकावर करायचे होते. रांगा, यंत्रे, वाहतूक अशा गोष्टी, ज्यांत अनेक घटक एकाच वेळी आपापली अवस्था सांभाळत एकमेकांवर परिणाम करतात. त्यांनी ऑस्लो येथे घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट, उपक्लास आणि उपक्लासमध्ये बदलता येणाऱ्या प्रोसीजर हे सगळे होते. अर्थात त्यांच्यापुढे आधी अडचण होती आणि क्लास नंतर आला. आपल्या पाठ्यक्रमात हा क्रम उलटा होतो आणि व्याख्या हवेत राहते. पुढे १९७० च्या दशकात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही भाषा घडवली. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे नाव के यांचेच. आणि स्वतःच 'ऑब्जेक्ट' हा शब्द रूढ केल्यामुळे लोकांचे लक्ष गौण गोष्टीकडे गेले, मुख्य कल्पना निरोपांच्या देवाणघेवाणीची होती, असे त्यांनी नंतर स्पष्टपणे म्हटले आहे. तुम्ही मेथड बोलावता तेव्हा "मी याला निरोप पाठवत आहे, कसे करायचे ते त्याचे तो पाहील" असा विचार करून पाहा. वरची नियमावली मग वेगळी समजावून घ्यावी लागत नाही.

आणि उपक्लास करण्याआधी एक कसोटी लावा. बार्बरा लिस्कोव यांनी १९८७ साली मांडलेल्या विचाराचा सारांश असा की, जिथे मूळ प्रकारचा ऑब्जेक्ट चालतो तिथे उपप्रकारचा ऑब्जेक्ट ठेवला तरी प्रोग्रॅमची अपेक्षा मोडता कामा नये. चौरस हा आयतच आहे हे भूमितीत खरे असले, तरी 'आयत' या क्लासला लांबी आणि रुंदी स्वतंत्रपणे बदलण्याच्या मेथड असतील तर 'चौरस' हा त्याचा उपक्लास या कसोटीला उतरत नाही: लांबी बदलली की रुंदीही बदलते, आणि रुंदी तशीच राहील असे गृहीत धरून लिहिलेली मेथड चुकीचे क्षेत्रफळ काढते. व्याकरणात 'हा तो आहे' असे म्हणता आले म्हणजे वारसा लागू होतो असे नाही. वागणूक जुळली पाहिजे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तुलना करून पाहिली तर उत्तर 'फॉल्स' आले, म्हणजे प्राध्यापकांची शंका खरी ठरली. फील्डवरील 'स्टॅटिक' काढल्यावर यादी बरोबर छापली गेली. कार्डांचा प्रयोगही आम्ही तिघी मैत्रिणींनी करून पाहिला आणि 'उसनवारी' हा क्लास आता सर्वांत भरलेला झाला आहे.

एक नवी अडचण आली आहे. एकाच क्रमांकाचा सभासद दोनदा नोंदवला जाऊ नये म्हणून मी 'सभासद' क्लासमध्ये 'इक्वल्स' ही मेथड लिहिली. ती दुसरा सभासद घेते आणि दोघांचे क्रमांक सारखे असतील तर 'ट्रू' देते. मी स्वतः दोन सभासदांवर ती बोलावली तर उत्तर बरोबर येते. पण यादीची 'कन्टेन्स' ही मेथड मात्र तोच क्रमांक यादीत असूनही 'फॉल्स' सांगते.

उत्तर ४ (हा विषय शिकवणारे प्राध्यापक)

तुमच्या मेथडचा पॅरामीटर 'सभासद' या प्रकारचा आहे. जावाच्या मूळ 'ऑब्जेक्ट' क्लासमधली 'इक्वल्स' मात्र 'ऑब्जेक्ट' प्रकारचा पॅरामीटर घेते. नाव तेच पण पॅरामीटर वेगळा, त्यामुळे तुम्ही मूळ मेथडची जागा घेतलीच नाही, तिच्या शेजारी दुसरी उभी केली. म्हणजे ओव्हररायडिंगऐवजी ओव्हरलोडिंग झाले. या दोन शब्दांतला फरक परीक्षेत सगळे लिहितात, पण तो असा अंगावर येईपर्यंत कळत नाही. ओव्हरलोड केलेल्यांपैकी कोणती मेथड घ्यायची हे कंपायलर व्हेरिएबलच्या घोषित प्रकारावरून आधीच ठरवतो. तुम्ही स्वतः बोलावता तेव्हा त्याला समोर 'सभासद' दिसतो, म्हणून तुमची मेथड निवडली जाते. 'कन्टेन्स'चा आतला मजकूर तुमच्या क्लासच्या कितीतरी आधी लिहिला गेला आहे. त्याला फक्त 'ऑब्जेक्ट' घेणारी 'इक्वल्स' माहीत आहे, आणि ती मूळची मेथड दोन बाण एकाच चौकटीकडे जातात का एवढेच पाहते.

पॅरामीटर 'ऑब्जेक्ट' प्रकारचा करा, आत 'इन्स्टन्सऑफ' वापरून तो सभासद आहे याची खात्री करा ('नल' आल्यास तिथेच 'फॉल्स' मिळते), मग त्याला सभासद मानून क्रमांक ताडा. दुसऱ्या सभासदाचे प्रायव्हेट फील्ड इथे थेट वाचता येते, कारण जावामध्ये 'प्रायव्हेट' ही मर्यादा क्लासची आहे, एकेका ऑब्जेक्टची नाही. मेथडच्या वर 'ओव्हरराइड' ही खूण अवश्य लिहा. ती असती तर कंपायलरने पहिल्याच दिवशी तुम्हाला थांबवले असते. सोबत त्याच क्रमांकावरून 'हॅशकोड' (ऑब्जेक्ट पटकन शोधण्यासाठी संख्या देणारी मेथड) ही लिहा, नाहीतर उद्या यादीऐवजी 'हॅशसेट' (या संख्येवरून शोधणारा, एकच घटक दोनदा न ठेवणारा संच) वापरलात की हीच तक्रार परत येईल. आणि क्रमांकाचे फील्ड 'फायनल' ठेवा, कारण सेटमध्ये ठेवल्यानंतर क्रमांक बदलला तर तो सभासद सेटमध्ये असूनही शोधल्यावर बहुधा सापडत नाही.

सभासद क्रमांकासाठी 'इंट' वापरा, मोठ्या आयचा 'इंटिजर' नको. 'इंटिजर' हे ऑब्जेक्ट आहेत, आणि आपोआप रूपांतर होताना जावा उणे १२८ ते १२७ एवढ्याच संख्यांचे तयार ऑब्जेक्ट पुन्हा वापरण्याची हमी देते. दुहेरी बरोबरने तुलना केलीत तर पहिल्या १२७ सभासदांपर्यंत सगळे सुरळीत चालेल आणि १२८ क्रमांकापासून समान संख्या असमान ठरू लागतील. नावांसारख्या स्ट्रिंगची तुलनाही नेहमी 'इक्वल्स'नेच करा.

आता 'उसनवारी'ची चाचणी घ्या. विलंबाचे दिवस काढणाऱ्या मेथडने आजची तारीख स्वतः संगणकाच्या घड्याळाला विचारू नये, ती पॅरामीटर म्हणून घ्यावी. म्हणजे हवी ती तारीख देऊन तपासता येईल. देय तारखेलाच परत, एक दिवस उशिरा, आणि तीन दिवस आधी, हे तिन्ही प्रसंग चालवून पाहा. नुसती वजाबाकी लिहिली असेल तर तिसऱ्या प्रसंगात विलंब उणे तीन दिवस येईल आणि दंडही ऋण निघेल. तो शून्यावर थांबवण्याचे काम उसनवारीने करावे की नियमावलीने, हे तुमच्या कार्डांवर तिघींनी मिळून ठरवा आणि इथे कारणासह लिहा, मी वाचेन.